साडेतीन दिवसांचा तारा

मी एक तारा मारला, असं आमच्या विभागात अजूनही म्हणतात. म्हणू द्या. मारायला तो मुळात असावा लागतो. पण एवढं एक वाक्य बोलून कुणाला काही पटत नाही हे मला आता कळलंय, म्हणून पहिल्यापासून सांगते.

आमचं घर शिरगावच्या अंगाला. भाताची थोडी जमीन आणि साईमंदिराच्या रस्त्यावर आईची भज्यांची टपरी. वडील शेत बघायचे, आई टपरी. गुरुवार आणि रविवार हे तिचे दोन दिवस. त्या दोन दिवशी पुण्या-मुंबईच्या गाड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लागतात आणि दर्शन झाल्यावर माणसाला जी भूक लागते ती घरून आणलेल्या डब्याने भागत नाही. बाकीचे पाच दिवस नुसता चहा आणि गप्पा. मी शाळेत असल्यापासून त्या दोन दिवशी कांदा चिरत आले. बी.एस्सी. झाले, एम.एस्सी. झाले, पीएच.डी.ला लागले, तरी गुरुवारी आणि रविवारी माझ्या बोटांना कांद्याचा वास असायचाच. आई एकटी आणि कढई दोन, त्याला मी तरी काय करणार?

पीएच.डी. खगोलशास्त्रातली. लोणावळ्याच्या मागे एका टेकडीवर छोटी दुर्बीण आहे. पावसाळ्यात तिच्यावर ताडपत्री टाकतात, कारण तेव्हा तिथे समोरचा माणूस दिसत नाही तर तारा कुठला दिसणार. बाकीच्या महिन्यांत जमेल त्या प्रत्येक रात्री एकच तारा बघायचा, हे माझं काम. त्या ताऱ्याला नाव नाही, यादीतला नुसता नंबर आहे. तो थोडा उजळतो, थोडा मंदावतो आणि साधारण अकरा दिवसांत पुन्हा पहिल्यासारखा होतो. हे आधीच माहीत होतं. त्याच्या प्रकाशात याखेरीज आणखी काही दडलंय का, ते मला शोधायचं होतं.

माझे मार्गदर्शक, म्हणजे सर, पुण्यातले. हुशार म्हणजे खरोखरच हुशार. त्यांच्या बुद्धीबद्दल मी कधी वाकडं बोलले नाही आणि आजही बोलणार नाही. त्यांचा एक नियम होता. निरीक्षण बरोबर आठ वाजता सुरू करायचं आणि सुरू केल्याची वेळ तिथल्या वहीत स्वतःच्या हाताने लिहायची. पहिल्याच आठवड्यात गुरुवार आला. टपरी आवरून, शेअर रिक्षाने तळेगाव स्टेशन गाठून, लोकलने लोणावळा आणि मग टेकडी चढून मी पोहोचले तेव्हा दहा वाजले होते. नेमके त्या दिवशी सर दोन विद्यार्थ्यांना दुर्बीण दाखवायला आलेले. त्या दोघांसमोर म्हणाले, "आकाशाला घड्याळ कळतं, तुमची कारणं कळत नाहीत. कुठे होतीस?"

आईच्या टपरीवर, असं सांगायचं होतं. जिभेवर आलंही होतं. त्या दोन मुलांचे स्वच्छ बूट मला दिसले आणि मी म्हणाले, "लोकल चुकली, सर."

पुढच्या गुरुवारी पुन्हा दहा वाजले. वहीत मी आठ लिहिलं. रविवारी दहा, वहीत आठ. एवढीशी थाप, कुणाचं काय बिघडतंय, असं मी स्वतःला समजावलं आणि नंतर तर समजावण्याचीही गरज उरली नाही, हात आपोआप आठ लिहू लागला. मला टपरीची लाज वाटली होती. हे लिहिताना आजही मला माझाच राग येतो.

अशी दोन वर्षं गेली. दोन वर्षांच्या रात्री, एका रात्रीचा एक आकडा. त्या आकड्यांतून एक रेघ काढायची, म्हणजेच मॉडेल बसवायचं. ऐकायला सोपं वाटतं. गोम अशी की रेघेत हवी तितकी वळणं घालायची मुभा असते, आणि पुरेशी वळणं घातली की रेघ कुठल्याही ठिपक्यांतून जाते. आमच्या गावात एक शिंपी होता. माप घ्यायच्या दिवशी बाई खांदे आखडून उभी असेल तर तो आखडलेल्या खांद्यांचा ब्लाउज शिवायचा. त्या दिवशी तो अंगावर असा काही बसायचा की बघत राहावं. आठवड्याने बाई मोकळी झाली की हात वर होत नसे. मॉडेलचंही तेच. आज तुमच्याकडे असलेल्या ठिपक्यांवर ते किती घट्ट बसलं याला अर्थ नाही, उद्याच्या ठिपक्यांवर बसतं का ते बघायचं. म्हणून या शास्त्रात दंडाची पद्धत आहे. मॉडेलमध्ये एक नवा आकडा घातलात की इतका दंड, दोन घातलेत की तितका. दंड भरूनही जे मॉडेल पुढे राहील ते घ्यायचं.

मी आधी अकरा दिवसांची एकच लाट बसवली. बसली, पण ठिपके तिच्या आजूबाजूला जरा जास्तच पसरलेले होते. सरांनी त्या पसाऱ्यात दुसरी लाट शोधायला सांगितली. सापडली. साडेतीन दिवसांची. दंड भरूनही ती लाट आरामात जिंकत होती.

सर खुर्चीतून उठले. त्यांना मी तसं उठताना त्याआधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "याला साथीदार आहे. लहान तारा, याच्याभोवती फिरतोय. हा तुझा प्रबंध." मला चहा पाजला, तोही स्वतः जाऊन आणून. मग उरलेला पसारा भरून काढायला तिसरी लाट आली, तिच्यामागून चौथी. प्रत्येक लाटेबरोबर तीन-तीन नवे आकडे. शेवटी रेघ जवळजवळ प्रत्येक ठिपक्याला शिवून जायला लागली. विभागातले लोक येऊन ती स्क्रीनवर बघायचे आणि माझ्याकडे बघून मान हलवायचे. मला आवडत होतं ते. कुणाला आवडणार नाही?

पण मला तो शिंपी आठवत होता. मी सरांना म्हणाले, "तिसऱ्या वर्षाच्या रात्री आपण यात घालायच्या नाहीत. त्या बाजूला ठेवू. या मॉडेलने आधी सांगायचं की त्या रात्रींत काय दिसेल. मग उघडू."

सर म्हणाले, "असलेला डेटा वापरायचा नाही? हा कुठला उपास?"

तिसरं वर्ष म्हणजे सगळं बंद पडलं ते वर्ष. त्या वर्षाच्या रात्री सुरू करायला मी टेकडीवर गेले, लॉकडाउन लागला आणि मी तिथेच अडकले. लोकल बंद, रस्ते बंद, शिरगावचं मंदिर बंद, आईची टपरी बंद. दुर्बिणीच्या शेजारच्या खोलीत मी आणि खालच्या चौकीत पहारेकरी मामा. एरवी शनिवार-रविवारी मोटारींनी फुललेलं लोणावळं त्या महिन्यांत इतकं गप्प होतं की आपलाच श्वास ऐकू यायचा. मला दुसरं काही कामच नव्हतं. रोज आठला झाकण उघडायचं, तारा टिपायचा आणि फोटो न बघता तिथून काढून पेनड्राइव्हवर टाकायचे. वहीत आठ लिहायचं. पावसाच्या आधी कशीबशी घरी आले, तेव्हा तो पेनड्राइव्ह मी आईच्या हातात दिला. म्हटलं, "हा लपवून ठेव. मी मागेपर्यंत कुणाला द्यायचा नाही. मलासुद्धा लवकर देऊ नकोस."

आईने तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून इंद्रायणी भाताच्या बियाण्याच्या पिंपात ठेवला आणि झाकणावर पाटा चढवला.

पंधरा दिवसांनी सरांचा फोन आला. मी शेतात होते, आईने घेतला. सरांनी तिला गोड बोलून सांगितलं की मुलीच्या भल्याचंच आहे, तो पेनड्राइव्ह कुणाबरोबर तरी पुण्याला पाठवून द्या. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, तुमी मोठी मानसं. पर पोरीनं सांगितलंय, ती म्हनंल तवाच काडायचं. बियाणाला मधीच हात लावत न्हाईत आमच्यात. मग प्यारायला काय ठिवायचं?" आणि वर विचारलं, "तुमी जेवलात का?" सरांनी मला नंतर हे सांगितलं तेव्हा ते हसत नव्हते.

शेवटी माझ्या हट्टापुढे ते एवढ्यापुरते नमले. मी दोन्ही मॉडेलांची भाकितं काढली. एका लाटेचं आणि चार लाटांचं. तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येक रात्री तारा किती उजळ दिसेल हे दोघांकडून वदवून घेतलं, कागदावर छापलं, सरांची सही घेतली. मग आईने पाटा उतरवला.

सरांच्या खोलीत, भर दुपारी, आम्ही दोघांनी ते ठिपके भाकितांवर टाकले. एका लाटेचं साधं मॉडेल बऱ्यापैकी बरोबर निघालं. उलट या वेळी ठिपके लाटेभोवती आधीपेक्षा दाटीने उभे होते. चार लाटांचं ते देखणं मॉडेल प्रत्येक रात्री दुसरीकडेच बोट दाखवत होतं. साडेतीन दिवसांच्या लाटेचा तर मागमूस नव्हता.

सरांनी पाणी प्यायलं. मग म्हणाले, "साथीदाराची कक्षा कलली असणार. या वर्षी तो आपल्याला दिसत नाहीये इतकंच. कक्षा कलण्यासाठी आणखी दोन आकडे घाल. तिन्ही वर्षं बसतील."

"बसतीलच," मी म्हणाले. "दोन आकडे घातले की काहीही बसतं. पुढच्या वर्षी नाही बसलं की आणखी दोन घालू. मग हा तारा कधीच खोटा ठरणार नाही, सर. जे कधीच खोटं ठरू शकत नाही ते आपण कशाला मोजतोय?"

आवाज चढला होता माझा. त्यांचाही चढला. त्यांनी सरळ सांगितलं की साथीदारावरचा शोधनिबंध तयार आहे, त्यावर पहिलं नाव माझं आहे, आणि माझी शिष्यवृत्ती आणखी एक वर्ष मिळायची असेल तर ती या साथीदारावर मिळेल, अकरा दिवसांच्या जुन्या लाटेवर नाही. ती तर सगळ्या जगाला माहीत आहे. "तुला वाटतंय डेटा खराब आहे? मग हे बघ." त्यांनी कपाटातून टेकडीवरची वही काढून माझ्यापुढे आपटली आणि पानं उलटत गेले. "आठ. आठ. आठ. आठ. त्या पहिल्या गुरुवारनंतर दोन वर्षांत एकदाही वेळ चुकलेली नाही. इतकी शिस्तीची नोंद मी माझ्या विद्यार्थ्यांत दुसरी पाहिली नाही. यात खोट असूच शकत नाही."

मी ती पानं बघत राहिले. माझंच अक्षर. एवढी शिस्त मला जन्मात कधी नव्हती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तारा डोक्यावर असतो तेव्हा त्याचा प्रकाश थोड्या हवेतून येतो. तो पश्चिमेला कलला की जास्त हवेतून येतो आणि मंद दिसतो. म्हणून प्रत्येक फोटोला हवेची दुरुस्ती करावी लागते, आणि ती करायला फोटो किती वाजता काढला ते लागतं. टेकडीवर वीज सारखी जायची, त्यामुळे तिथल्या कॉम्प्युटरच्या घड्याळावर कुणाचा भरवसा नव्हता. नियम असा की वेळ वहीतली धरायची. माझ्या वहीत आठ होते. गुरुवारी आणि रविवारी मी तारा टिपत होते दहाला, दोन तास खाली उतरलेला, आणि त्याला दुरुस्ती मिळत होती आठची. म्हणून तो त्या दोन दिवशी जरा मंद दिसायचा. गुरुवार ते रविवार तीन दिवस, रविवार ते गुरुवार चार. सरासरी साडेतीन.

तो साथीदार म्हणजे मी होते. भज्यांची कढई उतरवून लोकल पकडणारी मी. लॉकडाउनमध्ये टपरी बंद होती, मी रोज आठला हजर होते, म्हणून त्या वर्षी साथीदार आलाच नाही.

त्या दुपारी मी सरांना काही बोलले नाही. वही मिटून त्यांना परत दिली आणि घरी आले. खोटं कशाला बोलू, पहिला विचार असा आला की आपण गप्प राहिलो तर कुणाला कळणार आहे? निबंध छापून येईल, शिष्यवृत्ती मिळेल, तारा राहील आपल्या जागी. दुसरा विचार त्याहून वाईट होता. हे गुरुवार-रविवारचं मला इतकं चपखल वाटत होतं की तेही एक देखणं मॉडेलच नसेल कशावरून? सरांना त्यांचा साथीदार आवडला, मला माझं पाप आवडलं. दोघांत फरक काय?

म्हणून आधी कागदावर लिहिलं. मी म्हणते ते खरं असेल तर काय दिसायला हवं. कॉम्प्युटरचं घड्याळ पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे असेल, पण गुरुवारी आणि रविवारी ते वहीपेक्षा दोन तास पुढे दिसायला हवं. आणि दुसऱ्या वर्षी आईचा हात तेलाने भाजला होता, तेव्हा टपरी तीन आठवडे बंद होती आणि मी रोज वेळेवर जात होते. त्या तीन आठवड्यांतल्या गुरुवारी-रविवारी तारा मंद दिसता कामा नये. दवाखान्याचे कागद काढून तारखा लिहिल्या. खाली सही केली. मग फाइली उघडल्या.

दोन तास. प्रत्येक गुरुवारी, प्रत्येक रविवारी. आणि भाजलेल्या हाताच्या तीन आठवड्यांत एकदाही नाही. खऱ्या वेळा घालून दुरुस्ती केली तशी साडेतीन दिवसांची लाट गेली. तिसरी गेली, चौथीही गेली. उरली ती अकरा दिवसांची एकटी, साधी, जगाला माहीत असलेली.

मंदिर तोवर उघडलं होतं. त्या गुरुवारी टपरीवर कांदा चिरता चिरता मी आईला सगळं सांगितलं. तारा, हवा, दंड, हे तिने नुसतं ऐकलं. वहीचं सांगितलं तेव्हा तिचा झारा थांबला.

"म्हंजी दोन वर्सं वहीत खोटं लिवलंस?"

"हो."

"टपरी सांगाय नगं म्हनून?"

मी पुढचा कांदा चिरायला घेतला. भजी काळी पडायला लागली तरी ती उतरवेना. मग म्हणाली, "मी काय चोरी करत व्हते का गं हितं?"

एवढंच. माझ्या आयुष्यात मला कुणी इतकं थोडक्यात मारलेलं नाही. थोड्या वेळाने गिऱ्हाइकाला प्लेट देऊन ती परत आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता काय करनार?"

"सांगणार."

"मग नीट सांग. गाडी चुकली म्हनू नगंस."

दुसऱ्या दिवशी मी सरांपुढे उभी राहिले आणि नीट सांगितलं. कागद मांडले. ते वाचत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. मला त्यांची कीव आली, हे कबूल करते. त्यांनी त्या ताऱ्यावर जीव लावला होता आणि तो त्यांच्या हातून मी काढून घेत होते. पण कीव आली म्हणून कुणी तारा ठेवत नाही.

दार लावून ते म्हणाले, "तुला कळतंय का, दोन वर्षांची नोंद खोटी ठरली की पदवी अडकू शकते? तुझी. आणि नाव माझंही जातं."

"कळतंय."

ते बराच वेळ येरझाऱ्या घालत होते. मग त्यांनी वाट काढली. खऱ्या वेळा घालून दुरुस्ती कर, एका लाटेचं मॉडेल लिही, साथीदाराचं नाव काढू नकोस. वहीबद्दल लिहायचंच तर एक ओळ लिही: काही तांत्रिक कारणांमुळे ठरावीक दिवशी निरीक्षणास विलंब झाला. कुणी खोदून विचारणार नाही.

"तांत्रिक काय होतं त्यात, सर? कढई?"

मी लिहिलं: दर गुरुवारी आणि रविवारी निरीक्षक कुटुंबाच्या खाद्यपदार्थांच्या टपरीवर काम करत असल्याने निरीक्षण सुमारे दोन तास उशिरा सुरू झाले, वहीत मात्र आठ ही वेळ खोटी नोंदवली गेली. सरांनी लाल पेनने 'टपरी' खोडलं, 'खोटी' खोडलं आणि वर 'तांत्रिक कारणे' लिहिलं. मी पुन्हा टपरी लिहिली. त्यांनी पुन्हा खोडली. तिसऱ्या वेळी म्हणाले, "यातून तुला सिद्ध काय करायचंय?"

म्हटलं, "तुमचं तांत्रिक कारणही एक जास्तीचा आकडाच आहे, सर. काहीही झाकायला पुरतं. मला नको तो."

शिष्यवृत्ती वाढली नाही. निबंध मागे घेतला गेला. मला समितीपुढे लेखी खुलासा द्यावा लागला. तो मी दिला आणि त्यातही टपरी होतीच. विभागात माझ्याशी बोलताना लोक जरा जपून बोलू लागले, जणू मला काही लागण झालीय. तळेगावात एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना गणित शिकवून मी दिवस काढले. प्रबंध झाला तो असा बारीक, की एका मैत्रिणीने हातात घेऊन विचारलं, उरलेला कुठे आहे? म्हटलं, उरलेला नव्हताच, तोच तर प्रबंध आहे. चार लाटा बसत होत्या तिथे एक का पुरते, हे सांगायला मला चार वर्षं लागली.

व्हायवाला बाहेरगावचे परीक्षक आले होते. वयस्कर, शांत, चष्म्याच्या वरून बघणारे. सर पहिल्या रांगेत टेबलाकडे बघत बसलेले. मागे विभागातले सगळे. तारा मारणारीला बघायला गर्दी जमते. परीक्षकांनी प्रबंध उघडून विचारलं, "ज्या निरीक्षकाने दोन वर्षं खोटी वेळ लिहिली, त्याच्या डेटावर आम्ही विश्वास का ठेवावा?"

हा प्रश्न येणार हे माहीत होतं. म्हटलं, "निरीक्षकावर ठेवूच नका. फाइलींची घड्याळं आहेत, आईचा हात भाजला त्या आठवड्यांचे दवाखान्याचे कागद आहेत, तिसऱ्या वर्षाची आधी सही करून ठेवलेली भाकितं आहेत. मला बाजूला काढा आणि ते तपासा. तारा तोच निघेल."

त्यांनी पानावर काहीतरी लिहिलं. मग पुन्हा चष्म्याच्या वरून बघत म्हणाले, "आणि गुरुवारी-रविवारी निरीक्षक नेमकं काय करत होती?"

"भजी तळत होते, सर. कांद्याची."

मागे कुणीतरी हसलं. सरांनी मान वर केली नाही. मी मागे वळून त्या हसणाऱ्याला शोधलं, नीट बघून घेतलं, आणि पुन्हा परीक्षकांकडे तोंड केलं.

"आजही गुरुवार आहे," मी म्हणाले. "पुढचा प्रश्न विचारा, मला टपरीवर जायचंय."